सागरसफरीचा बेत आणि चौविहाराचे गणित

यवतमाळ जिल्ह्यातील माणसाचे समुद्राशी नाते तसे दूरचेच. आमचे पाणी म्हणजे पैनगंगा, अडाण, बेंबळा. तेही उन्हाळ्यात नाव राखण्यापुरते. बँकेच्या नोकरीत पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा अशा बदल्या होत गेल्या. सौभाग्यवतीने प्रत्येक गावी नवे घर मांडले आणि प्रत्येक गावी मी तिला सांगत राहिलो की, निवृत्तीनंतर तुला जहाजातून समुद्रावर नेईन. निवृत्तीलाही आता सहा वर्षे झाली. गेल्या आषाढात तिच्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "फिरायचे असेल तर आता फिरून घ्या." परतताना ती काहीच बोलली नाही. त्या रात्री मी कपाटातून कोरी वही काढली.

पूर्वी अशा सफरीसाठी सिंगापूर गाठावे लागे. 2021 पासून कॉर्डेलियाचे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करते. देशांतर्गत फेरी असल्याने व्हिसाचा प्रश्न नाही. मी उत्साहाने हे सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले, "अहो, तिथे सूर्यास्ताआधी जेवायला मिळेल का?"

बावीस वर्षांपासून तिचा चौविहार आहे. दुखण्यातही तो मोडलेला नाही. त्यामुळे माझ्या वहीतील पहिले पान भाड्याचे न होता सूर्यास्ताचे झाले.

हे गणित वाटते तितके सोपे नाही. यवतमाळ मुंबईच्या पूर्वेला सुमारे सव्वापाच रेखांशांवर आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे. डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य 5.40 च्या सुमारास मावळतो, तर मुंबईला सहा वाजून गेल्यावर. संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटे हाती लागतात. परंतु सकाळी तितकीच हातची जातात. तेथे नवकारशी येते आठ वाजण्याच्या बेतात, आणि रक्तदाबाची गोळी घरी ज्या वेळेला घेतली जाते ती वेळ टळते. म्हणून औषधांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून नव्याने लिहून घेतले. ज्यांना संध्याकाळी मधुमेहाचे औषध आहे त्यांनी तर हे चुकवूच नये.

जैन आहार या जहाजावर मिळतो, हे जाहिरातीतच आहे. पण कांदा-बटाटा वर्ज्य असणे वेगळे आणि वेळेवर ताट समोर येणे वेगळे. आम्ही प्रथम ज्या एजंटाकडे गेलो तो म्हणाला, "काका, सगळे होऊन जाईल." कर्जखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला या वाक्याची भीती वाटते. मी तीन प्रश्न लेखी दिले: संध्याकाळचे जेवण नेमके किती वाजता सुरू होते, ते त्याआधी मिळण्याची सोय आहे काय, उकळलेले पाणी कोठे मिळेल. उत्तर आले नाही. आले ते दरपत्रक, तेही बंदर शुल्क आणि कर वगळून. दुसऱ्या ठिकाणी तिन्ही प्रश्नांची उत्तरे ईमेलने मिळाली आणि एकूण रक्कमही शेवटच्या रुपयापर्यंत. तेथेच आरक्षण केले.

खोलीचा निर्णयही चौविहारानेच झाला. आतल्या बाजूच्या खोल्या स्वस्त, पण त्यांना खिडकी नसते. "दिवस मावळला की नाही हे मी घड्याळाला विचारू का?" हा तिचा युक्तिवाद मला मान्य करावा लागला. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. लिफ्टही जवळ हवी. या सर्व अटींत बसणारी खिडकीची खोली मिळाली. बाल्कनीचा मोह सोडला.

मुलाचा आग्रह लक्षद्वीपचा होता. परंतु तेथील प्रवाळांच्या उथळ पाण्यात मोठे जहाज शिरत नाही. प्रवाशांना लहान होडीत उतरून किनारा गाठावा लागतो, शिवाय प्रवेशाचा परवाना लागतो. हलत्या होडीत पाय टाकणे तिच्या गुडघ्याला झेपणारे नाही. गोवा ठरला. मुलगा थोडा हिरमुसला. गुडघा त्याचा नव्हे.

महिना ठरवायला पंचांग पुरले. चातुर्मासात आपण प्रवास टाळतो. जुन्या काळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीही नेमक्या याच दिवसांत, खवळलेल्या समुद्रामुळे बंद असत. 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा कार्तिकी पौर्णिमा होऊ द्यावी, समुद्र शांत होऊ द्यावा.

एका वडीलधाऱ्या आप्तांनी मात्र नापसंती दर्शवली. जेथे मद्य आणि जुगाराची दालने आहेत तेथे श्रावकाने जावेच कशाला, असे त्यांचे म्हणणे. ते मी हसण्यावारी नेले नाही. वीरचंद गांधी 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी जहाजाने निघाले, तेव्हाही समाजातून विरोध झालाच होता. आणि परदेशात त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. आम्ही काही धर्मप्रचाराला निघालो नाही, मौजेलाच निघालो आहोत, हे मी आप्तांना मोकळेपणाने सांगितले. त्या दालनात आम्हाला कोणी ओढून नेणार नाही, एवढेच माझे उत्तर. त्यांचे समाधान झाले असे नाही.

राहिली किरकोळ तयारी. धामणगावहून रात्रीची गाडी. पण जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून मुंबईत आदल्या दिवशीच पोहोचायचे. मूळ ओळखपत्रे आणि औषधे हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग खोलीत उशिरा येते. प्रवास विम्याच्या अर्जात तिचा रक्तदाब आणि माझी अँजिओप्लास्टी दोन्ही लिहिली. हप्ता वाढला, पण दडवलेल्या आजारावर दावा कसा फेटाळला जातो हे मी इतरांच्या बाबतीत पाहिले आहे.

सध्या ती रोज सकाळी सामायिक पूजेनंतर गच्चीच्या जिन्यावर, कठडा धरून, दहा पायऱ्या चढते-उतरते. परवा तिने वही मागून घेतली. मी तारीखवार सूर्योदय, नवकारशी आणि सूर्यास्त यांचे रकाने आखले होते. गोव्याच्या दिवसापुढे तिने पेन्सिलने लिहिले आहे: जेवण 5.15, मग डेकवर.