बॅगेत पंचा घाल

चि. मुक्ता,



अंदमानच्या तयारीचा फोटो मिळाला. कपड्यांच्या ढिगाखाली पलंग दिसेना! जावईबापूंचे फुलाफुलांचे शर्ट, तुझे घोळदार झगे, दोघांच्या जीन्स, आणि कोपऱ्यात सासूबाईंचा चकल्यांचा डबा. डबा राहू दे. बाकीच्याबद्दल बोलते.

जीन्स आधी काढ. तिथली हवा डिसेंबरातही दमट. एकदा भिजलेली जीन्स वाळता वाळत नाही, आणि तुम्ही तर दिवसाआड बेट बदलणार. ओलं ओझं बॅगेत कोंबून बोटीत चढायची हौस कुणाला? सुती सलवारी ने, जुने पातळ सदरे ने. हॉटेलात टॉवेल देतात, पण किनाऱ्यावर पंचाच हवा. घटकाभरात वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, समुद्रातून कुडकुडत आलेल्या लहानग्या चिंटूला गुंडाळता येतो. आणि दिवाळी झाली म्हणून छत्री माळ्यावर टाकू नकोस. नैर्ऋत्येचा पाऊस गेला तरी ईशान्येचा मागोमाग येतो आणि डिसेंबरातही एखादी सर टाकून जातो.

आता घड्याळ. अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश, म्हणजे सूर्य तिथे सव्वा तासाहून जास्त आधी पोचतो. घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात पहाटे साडेपाचला फटफटतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो. ‘चहा घेऊन निघू’ म्हणालात तर राधानगरच्या किनाऱ्यावर अंधारच बघाल. एक चांगली बॅटरी ने, आणि उशिरा उठायची सवय ठाण्यातच ठेवून जा.

चपलांच्या बाबतीत मी हट्टी आहे. नील बेटावरचा, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावरचा, तो दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि तिथवर मेलेल्या प्रवाळाच्या खडकांवरून जायचं असतं. कडा सुरीसारख्या. सपाता घसरतात, अनवाणी पाय कापतात. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल सगळ्यांना घे. सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टाही विसरू नकोस. सेल्युलर जेल तीन मजली आहे, सावरकरांची कोठडी सगळ्यात वर, आणि ती बघितल्याशिवाय त्या परतायच्या नाहीत. बोट लागत असेल तर गोळी बोट हलण्याआधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. कुणाला कोणती, ते डॉक्टरांना विचार.

चकल्या खुशाल ने, पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत. खोबरं आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात चालत नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेव. रोख पैसे जरा जास्त ने. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून इंटरनेट सुधारलं, पण लहान बेटांवर फोनवरून पैसे देण्याइतकं भरवशाचं नाही.

येताना बॅग भरण्यासारखं तिथे थोडंच. किनाऱ्यावरचा प्रवाळ, अगदी मेलेला तुकडासुद्धा, उचलायचा नाही. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. विमानतळावर सामान तपासतात, तेव्हा निघण्याआधी चिंटूचे खिसे तूच तपास. शिंपल्यांची वस्तू दुकानातून घेतलीस तर पावती जपून ठेव.

बाराटांगला जाणार असाल तर वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून आहे. गाड्या ताफ्याने सोडतात. तिथे खाऊ वाटायचा नाही, फोटो काढायचा नाही. गुन्हा आहे, आणि नसता तरी माणसं बघायला जायची ही काय रीत! त्या दिवशी बिस्किटांचे पुडे आणि फोन पिशवीच्या तळाशी घाल.

शनिवारी फोन कर. तेव्हा बॅग वजनकाट्यावर ठेवून आकडा मला सांगायचा.

तुझी,
मावशी

ता. क. फुलाफुलांचा एक शर्ट जाऊ दे. जावईबापू रुसायला नकोत.