सीट मऊ, म्हणून सुखकर?

आज ३ जून, जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये तो घोषित केला. या दिवशी सायकलच्या आरोग्यदायी गुणांवर पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र आज तिच्या अशा एका भागाविषयी लिहायचे आहे, ज्याबद्दल चारचौघांत सहसा बोलले जात नाही. तो भाग म्हणजे सीट.

सीट निवडण्याची आपली रूढ रीत सोपी आहे. दुकानात ती अंगठ्याने दाबून पाहायची. अंगठा जितका रुतेल तितकी सीट चांगली! पण या परीक्षेत सीटवर बसतो तो अंगठा. आपण बसतो तेव्हा भार पेलायला श्रोणीच्या तळाशी दोन हाडे असतात. पाटावर ताठ बसल्यास ती सहज जाणवतात. त्या दोहोंमधल्या मऊ भागात प्युडेंडल या चेतातंतूच्या शाखा आणि रक्तवाहिन्या असतात. सीट फार मऊ असली की हाडे तिच्यात बुडतात आणि दबलेला फोम मधोमध वर येतो. जो भार हाडांनी घ्यायचा, तो मग नाजूक भागावर पडतो. दहा मिनिटांच्या फेरीत हे सुखद वाटते; तीन तासांनी तिथे बधिरता येते.

मी कोइंबतूरला राहते. निलगिरीचा पायथा जवळ असल्याने नव्या सीटची परीक्षा घाटातच घ्यायचे ठरवले. मार्ग मेट्टुपालयम, कोटगिरी, उटी, कुन्नूर आणि परत मेट्टुपालयम असा, एकूण सुमारे ११० किलोमीटर. पहिल्या ३३ किलोमीटरमध्येच रस्ता जवळजवळ दीड हजार मीटर चढतो.

आधी मोजमाप केले. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा दगडी पायरीवर ठेवून त्यावर काही क्षण किंचित पुढे वाकून बसायचे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या केंद्रांमधले अंतर म्हणजे आपले माप. माझे १२८ मिलिमीटर निघाले. सीटची रुंदी त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर अधिक असावी, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्यानुसार १५५ मिलिमीटर रुंदीची, टणक आणि मधोमध खाच असलेली सीट घेतली. जुनी सीट अरुंद होती आणि तिच्यावर जेलचा जाड थर होता.

एका फेरीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. म्हणून तीन आठवड्यांत त्याच मार्गावर तीन फेऱ्या केल्या : जुनी सीट, नवी सीट, पुन्हा जुनी सीट. तिसऱ्या फेरीचे प्रयोजन असे की सुधारणा केवळ सरावाने झाली असेल, तर ती जुन्या सीटवरही टिकून राहावी. टायरमधली हवा, कपडे, निघण्याची वेळ सारखी ठेवली. दोन्ही सीटची जाडी वेगळी असल्याने क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतरही मोजून सारखे केले. ते राहून गेले असते, तर सीटऐवजी उंचीचीच परीक्षा झाली असती. दर अर्ध्या तासाला दोन गोष्टींना ० ते १० गुण दिले. एक, हाडांचे दुखणे, दुसरी, बधिरता.

घाटात भौतिकशास्त्र स्वतःहून भेटायला येते. रस्ता दर १२ मीटरला १ मीटर चढत असेल, तर घरी समतल बसवलेल्या सीटचे नाक जवळपास ५ अंशांनी वर उचलले जाते. (कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात निलगिरीच्या आगगाडीला दातेरी पट्टी लागते, ती याच तीव्रतेच्या चढासाठी.) शरीर मागे सरकते आणि सीटच्या मागच्या रुंदीचा कस लागतो. पण सर्वांत तीव्र चढ हा सीटसाठी सर्वांत कठीण नसतो. आपले वजन सीट, पॅडल आणि हँडल यांत वाटले जाते. पायांनी जोर लावला की पॅडल तितकाच जोर उलट लावते आणि सीटवरचा भार हलका होतो. तीव्र उतारावर तर आपण सीटवरून अर्धवट उठलेलेच असतो. खरी परीक्षा झाली ती कोटगिरीनंतरच्या सौम्य चढउतारांत, जिथे पाय निवांत आणि सगळा भार बैठकीवर.

कोटगिरीला पोहोचेपर्यंत जुन्या सीटवर बधिरता ६, नवीवर १, पुन्हा जुनीवर ५. दुखण्याचे आकडे मात्र उलटे होते : अनुक्रमे २, ५ आणि २. म्हणजे ‘अधिक आराम कशावर?’ असे कुणी उटीत विचारले असते, तर मी कदाचित जुन्या सीटचे नाव घेतले असते. हा एका व्यक्तीचा प्रयोग आहे, आणि आपण कोणत्या सीटवर बसलो आहोत हे मला ठाऊक होते. त्यामुळे या आकड्यांना सार्वत्रिक नियमाचे मोल नाही. पण एक भेद त्यांनी स्पष्ट केला. दुखणे ओरडून सांगते, बधिरता गप्प राहते. आणि दोहोंत गंभीर इशारा गप्प राहणारीचाच असतो. चेतातंतूवर दाब आल्याचीच ती खूण आहे. सायकलवरून उतरल्यावरही ती टिकली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

हे मौन केवळ चेतातंतूचे नाही. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीट देण्यात आल्या. बधिरता न आलेल्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सगळे पुरुष होते. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधले अंतर सरासरीने अधिक असते. तरी दुकानात ‘मला कुठे बधिर होते’ हे सांगणे किती जणींना जमते?

बिहारने २००६ मध्ये शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार तिच्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. ज्या वाहनाने इतक्या मुली शाळेपर्यंत पोहोचल्या, त्यावर त्या कशा बसतात हा प्रश्न क्षुल्लक नाही.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि एक मोजपट्टी, एवढ्यावर हा प्रयोग वर्गात होऊ शकतो. नावे न लिहिता मापे गोळा करा, आलेख काढा, आणि गावातल्या दुकानात मिळणाऱ्या सीटच्या रुंदीशी तो ताडून पाहा. आकडा हाती असला की जे बोलायला संकोच वाटतो, ते विचारणे सोपे जाते.

#जागतिकसायकलदिन #विज्ञान