एक खोली आणि तीस वर्षं

वाळलेल्या फांदीला जागा फार लागत नाही. दाबून सपाट केलेली फांदी जाड कागदावर बसवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: झाडाचं नाव काय, कुठे मिळालं, केव्हा मिळालं, कुणी आणलं. असे कागद वर्षानुवर्षं कपाटात रचत गेलं, की एखाद्या डोंगरावर शंभर वर्षांपूर्वी काय उगवत होतं याचा पुरावा हाती राहतो. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात असे दोन लाखांच्या आसपास नमुने आहेत. या कॉलेजच्या वाढीचा विचार करू लागलो, की त्याच्या दगडी कमानींच्या आधी मला ती कपाटं दिसतात.

जर्मन जेझुइटांनी हे कॉलेज काढलं १८६९ मध्ये. मुंबई विद्यापीठ तेव्हा जेमतेम बारा वर्षांचं होतं. पुढे इमारत झाली, विषय वाढले, विद्यार्थी वाढले. हे सगळ्याच जुन्या कॉलेजांचं होतं. झेवियर्सचं वेगळेपण मला १९०६ मध्ये सापडतं. एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटाने त्या वर्षी इथे वनस्पतिसंग्रह सुरू केला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. वर्गात शिकवायचं आणि सवड मिळाली की झाडं धुंडाळत हिंडायचं, असा त्यांचा क्रम. ताड-माडांपासून गवतापर्यंत त्यांनी लिहिलं. गवताकडे कोण बघतं? पण चार्ल्स मॅक्कॅन यांच्याबरोबर त्यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर अख्खं पुस्तक सिद्ध केलं.

ब्लॅटरांची नजर माणसांवरही तितकीच होती. ब्रह्मदेशातला धंदा बसल्यावर सलीम अली मुंबईला परतले आणि दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागले. या तरुणाचं मन पाखरांत आहे हे ब्लॅटरांनी ओळखलं आणि त्याला झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकायला प्रवृत्त केलं. भारताला त्याचा पक्षितज्ज्ञ मिळाला, त्यात एका शिक्षकाने वेळेवर ओळखलेल्या ओढीचा वाटा आहे.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध आलं. जर्मन पाद्री ब्रिटिशांच्या लेखी शत्रुदेशाचे नागरिक ठरले. त्यांची धरपकड झाली, त्यांना मायदेशी पाठवलं गेलं. संस्था मोडायला एवढं पुरेसं होतं. पण त्यांच्या जागी स्पॅनिश जेझुइट आले आणि १९२२ मध्ये हेन्री हेरास मुंबईत उतरले. कोणता इतिहास शिकवाल, असं विचारल्यावर ते ‘भारताचा’ म्हणाले, आणि तो तर त्यांनी कधी अभ्यासलाच नव्हता, अशी हकीकत सांगतात. चारच वर्षांत, १९२६ मध्ये, त्यांनी कॉलेजात इतिहास संशोधन संस्था उभी केली. विजयनगरवर ग्रंथ लिहिले, नाणी, मूर्ती, हस्तलिखितं जमवली. सिंधू लिपीचं त्यांचं वाचन पुढच्या अभ्यासकांनी स्वीकारलं नाही, पण त्यांनी जमवलेली साधनं अभ्यासकांच्या हाती आली. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

याच स्पॅनिश परंपरेतले हर्मेनेगिल्ड सांतापाव. मुंबई-पुणे प्रवासात आपण खंडाळ्याचा घाट धबधबे पाहत ओलांडतो. त्यांनी तो झाड न् झाड पाहिला आणि १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ दिला. कारवी ज्या कुळातली, त्या कुळाचा तर त्यांचा खास अभ्यास. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे संचालक झाले.

मराठी मध्यमवर्गाला झेवियर्स जरा लांबचं वाटत आलं: इंग्रजी वळणाचं, सुखवस्तूंचं. त्यात तथ्य आहे. पण दुर्गाबाई भागवतही याच कॉलेजच्या विद्यार्थिनी, हेही विसरता येत नाही.

कुणी म्हणेल, संन्याशांना हे जमतं, त्यांना ना संसार, ना बढतीची चिंता. अंशतः खरं आहे. पण १९७३ मध्ये इथे इंडियन म्युझिक ग्रुप सुरू झाला आणि शास्त्रीय संगीताच्या मैफली कॉलेजच्या आवारात रंगू लागल्या. तो डोलारा सांभाळत आले ते विद्यार्थी. २००३ मध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र निघालं. म्हणजे झग्याची अट नाही. एखाद्याच्या ध्यासाला जागा द्यायची आणि निकालाची घाई करायची नाही, एवढी रीत संस्थेच्या अंगी मुरावी लागते.

आज आपल्या गावोगावच्या कॉलेजांत निम्मं शिकवणं तासिका तत्त्वावर चालल्यासारखं दिसतं. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तीस वर्षांचा संग्रह कशाच्या भरवशावर सुरू करावा? हुशार, झपाटलेली माणसं आपल्याकडेही आहेत. कुणी गडांवरची शेवाळं जमवतं, कुणी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतं, आणि ते सगळं घरातल्या माळ्यावर पडून राहतं.

संस्थाचालकांना एवढंच सांगणं आहे: नव्या इमारतीची कोनशिला बसवण्याआधी आपल्या कॉलेजातला असा एक माणूस शोधा. त्याला कायम करा, एक खोली द्या आणि तीस वर्षं तिला हात लावू नका.