सहा नंबरचा त्रेपन्न झाला, पण रस्ता ओलांडायचा कसा?

गेल्या हिवाळ्यात आम्ही धुळ्याहून एरंडोलला गेलो होतो. घरची पाच माणसे. आम्ही दोघे, दहावीतली मुलगी, धाकटा मुलगा आणि आजी. एरंडोलला आमच्या चुलत बहिणीच्या घरी नातवाचे नामकरण होते. एस.टी.त आजींचे तिकीट फुकट, कारण त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. घरातल्या बाकी बायकांचे अर्धे. त्यामुळे निघतानाच आजी खुशीत होत्या.

फागणे मागे पडले तशी आजी म्हणाल्या, "हा सहा नंबर. या रस्त्यावर मी खडी फोडली आहे." मुलगी खिडकीपाशी बसली होती. ती म्हणाली, "आजी, सहा नाही. पाटीवर त्रेपन्न लिहिलंय." आजी काही ऐकेनात. "पाटी कोणीही लावील. सुरत-नागपूर रस्ता सहा नंबरचाच." शेवटी मुलीने आमच्याकडे पाहिले आणि निकाल आमच्यावर आला.

वाचकहो, दोघींचेही खरे होते. सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून धुळे, जळगाव, अमरावती, नागपूर करत थेट कोलकात्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला कित्येक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. २०१० साली केंद्र सरकारने देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक दिले, तेव्हा आपल्या वाट्याला ५३ आला. या नव्या ५३ चे शेवटचे टोकही बदलले. तो आता कोलकात्याला न जाता ओडिशातल्या पारादीप बंदराला जाऊन मिळतो. आणि आपला जुना ६ हा आकडा मेघालय, आसाम, मिझोराम या डोंगरी राज्यांतल्या रस्त्याला मिळाला. शिलाँगचा ट्रकवाला आज स्वतःला सहा नंबरवाला म्हणत असेल.

एकट्या धुळ्याचेच बघा. पूर्वी येथे तीन महामार्ग भेटत. मुंबई-आग्रा तीन नंबर, हा सहा नंबर आणि सोलापूरकडून चाळीसगावमार्गे येणारा दोनशे अकरा. आता नाशिक-पुण्याकडे जाणारा रस्ता ६० झाला. इंदूरकडून धुळ्यात येऊन पुढे चाळीसगाव, सोलापूरकडे जाणारा सगळा मिळून ५२ झाला. तीन नंबर पार अमृतसर-लेहच्या बाजूला गेला.

हा बदल उगाच केलेला नाही. जुने क्रमांक जसजसे रस्ते होत गेले तसतसे पडले होते. आकड्यावरून दिशा कळत नसे. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. विषम आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात, सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे. तीन आकडी क्रमांक असेल तर तो फाटा समजायचा, आणि त्याचे शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. जळगावहून अजिंठ्याच्या बाजूने छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता ७५३ एफ आहे. त्यातल्या ५३ वरून ओळखायचे की हा आपल्याच रस्त्याचा फाटा. मुलीला हे गणित फार आवडले. तिने वहीत लिहून घेतले. आजी मात्र म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण खडी मी सहा नंबरची फोडली."

आजींचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. १९७२ च्या दुष्काळात खानदेशात विहिरी आटल्या, शेतातले काम थांबले आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते. आजी तेव्हा नव्या लग्नाच्या. कडेवर पोर घेऊन उन्हात बसून त्यांनी हातोडीने खडी फोडली. त्या खडीवर मग दोन गाड्या जेमतेम शेजारून जातील एवढी डांबराची पट्टी पडली. दुपदरी रस्ता म्हणजे सात मीटर. त्या सात मीटरवरून कित्येक वर्षे खानदेशचा कापूस, केळी, गुजरातचा माल, नागपूरची संत्री, लग्नाची वऱ्हाडे आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघालेल्या आपल्या लोकांच्या गाड्या, सगळे गेले. समोरासमोरच्या धडका किती झाल्या त्याची गणती नको. या पट्ट्यात असे घर विरळा, ज्याने या रस्त्यावर कोणी ओळखीचे गमावले नाही.

म्हणून चौपदरीकरण हवेच होते. धुळ्याजवळचे फागणे ते जळगावजवळचे तरसोद हा सुमारे ८७ किलोमीटरचा टप्पा आणि पुढे तरसोद ते चिखली असे काम निघाले. ते वर्षानुवर्षे रखडले. उखडलेल्या रस्त्याची धूळ आणि खड्डे लोकांनी सोसले. याच ५३ वर अमरावती ते अकोला या भागात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून जागतिक विक्रम झाला होता. तेव्हा आमच्याकडचे लोक म्हणत, तो विक्रम थोडा इकडेही पाठवा.

आता बहुतेक ठिकाणी रस्ता सपाट झाला आहे. मध्ये दुभाजक आहे, त्यामुळे समोरची गाडी अंगावर येत नाही. पारोळा कधी आले कळलेही नाही. धुळ्याहून एरंडोल साधारण चौसष्ट किलोमीटर. पूर्वी या प्रवासात आजींची पाठ धरायची. या वेळी त्यांना डुलकी लागली. चांगल्या रस्त्याचे हे सुख गरिबालाही मिळते, हे आधी मान्य केले पाहिजे.

एरंडोल हे अंजनी नदीकाठचे जुने गाव. तालुक्याचे ठिकाण. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये या गावाची नोंद आहे. येथे हाताने जाडाभरडा देशी कागद तयार होत असे आणि तो प्रसिद्ध होता. कापूस, नीळ आणि धान्याचा व्यापार चाले. गावातून रेल्वे गेली नाही. त्यामुळे एरंडोलकराला बाहेरच्या जगाशी जोडणारी गोष्ट म्हणजे हा रस्ता. दवाखाना जळगावला. मोठा बाजार जळगावला. गिरणेच्या काठी बांभोरीला १९९० साली विद्यापीठ झाले, तेही याच रस्त्यावर. आज त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. आमच्या बहिणीची मुलगी रोज सकाळी एस.टी.ने तेथे जाते. तिच्या घरातली विद्यापीठात जाणारी ती पहिलीच.

आम्ही उतरलो आणि बहिणीच्या घराकडे निघालो. घर महामार्गाच्या पलीकडे, नव्या वसाहतीत. पूर्वी हे अंतर हाकेचे होते. आता आमच्या पुढ्यात रस्त्याची एक बाजू, मग दुभाजक, मग दुसरी बाजू. ट्रक, डंपर, मोटारी इतक्या वेगाने येत होत्या की मुलाचा हात आम्ही घट्ट धरला. ओलांडायची रीतसर जागा बरीच पुढे. तेथवर चालत जायचे, पलीकडे जायचे आणि तेवढेच मागे यायचे. तरुण पोरे दुभाजकावरून उडी मारून जात होती. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी दुभाजकापाशी उभी होती. आम्ही तिला हात दिला. ती म्हणाली, "भाऊ, रस्ता मोठा व्हयना, पन पल्याडनं घर दूर व्हयी गयं."

यापेक्षा नेमके आम्हाला सांगता येणार नाही.

नामकरण छान झाले. वंदना झाली, बाळाचे नाव ठेवले, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाल्ली. जेवताना बोलणे पुन्हा रस्त्यावर आले. बहीण म्हणाली, "पोरगी संध्याकाळी सहाला उतरते. हिवाळ्यात तेव्हा अंधार. ती रस्ता ओलांडून दारात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो." शिकायला पाठवण्याची भीती नाही, शहराची भीती नाही. घरासमोरच्या रस्त्याची भीती.

तेव्हा आजींनी चाळीसगावची गोष्ट काढली. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याचे चौकशीचे काम आटोपून परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. पाहुण्याला पायी कसे न्यायचे म्हणून लोकांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीला कठडा नव्हता. चाक दगडावर आदळले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज चाळीसगाववरून ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो आणि त्यावरून कोणीही कोणत्याही गाडीत बसून जातो. एवढा बदल झाला, तो आपोआप झाला नाही.

पण रस्ता सगळ्यांचा झाला म्हणजे तो सगळ्यांसाठी आखला गेला असे होत नाही. याचा दाखला अमेरिकेत आहे. तेथे १९५६ साली कायदा करून राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांचे जाळे मंजूर झाले, सुमारे ६६ हजार किलोमीटरचे. त्यांचे क्रमांकही सम-विषम पद्धतीचेच. फक्त तेथे सम पूर्व-पश्चिम आणि विषम उत्तर-दक्षिण, आपल्या उलट. त्या रस्त्यांवर पायी माणूस येऊच शकत नाही. गावाचे रस्ते वरून किंवा खालून नेलेले असतात. प्रवास सुखाचा झाला. पण शहरांतून हे रस्ते नेताना कित्येक ठिकाणी काळ्या लोकांच्या वस्त्यांवरून नेले. सेंट पॉल शहरातली राँडो, मायामीतली ओव्हरटाऊन, अशा नांदत्या वस्त्या मधोमध चिरल्या गेल्या. घरे गेली, दुकाने गेली, शेजार तुटला. तुटलेल्या वस्त्या पुन्हा जोडण्यासाठी तेथल्या सरकारने २०२१ च्या कायद्यात वेगळा पैसा ठेवला. म्हणजे चूक कळायला पासष्ट वर्षे लागली.

आपल्याकडे एवढा उशीर का करायचा? आपल्या देशाचा राष्ट्रीय महामार्ग कायदाही १९५६ चाच. त्यात लिहिले आहे की जमीन घेण्याची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांच्या आत जमिनीशी संबंध असलेल्याला लेखी हरकत घेता येते. पण आपल्यातले बरेच जण ती नोटीस वाचतच नाहीत. सातबारा आजोबांच्या नावावर, घरपट्टीची पावती हरवलेली, वारसाची नोंद केलेली नाही. मोबदल्याची वेळ आली की मग धावपळ. जेथे एके काळी कागद तयार होत होता त्या गावात बसून आम्ही सगळ्यांनी ठरवले की घरोघरी कागद नीट लावायचे.

दुसरी गोष्ट ओलांडण्याच्या जागेची. भुयारी मार्ग, पादचारी पूल, सेवा रस्ता, एस.टी.चा थांबा, दिवे, यांची मागणी रस्ता कागदावर असताना करावी लागते. काम झाल्यावर ती अवघड होते, पण थांबत नाही. अर्ज एकट्याने करू नये. शाळेचे मुख्याध्यापक, महिला मंडळ, नगरपरिषदेचे सदस्य, पलीकडे शेत असलेले शेतकरी, सर्व समाजाच्या लोकांनी एकत्र सह्या कराव्यात. रस्ता जात विचारून धडक देत नाही. अर्जात नेमके लिहावे की किती मुले रोज, किती वाजता, कोठून ओलांडतात. बहिणीच्या मुलीने त्याच संध्याकाळी वहीत मोजणीचे रकाने आखले. आमच्या मुलीने वर मोठ्या अक्षरात क्रमांक घातला, रा. म. ५३.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि धडक देऊन गाडी पळून गेली, तिचा पत्ता लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो. पैशाने माणूस परत येत नाही, पण हक्काचे सोडूही नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत निघालो. बहिणीची मुलगी पोचवायला आली. आम्ही सगळे लांबच्या जागेपर्यंत चालत गेलो आणि तेथूनच ओलांडले. आजींना वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही. बसमध्ये बसल्यावर आजींनी नातीला विचारले, "तुझ्या त्या त्रेपन्नवर पूल होईल ना ग?" नात म्हणाली, "अर्ज द्यायचाय आजी. पहिली सही तुमची."

आजींना सही येते. साक्षरता वर्गात त्या शिकल्या. त्यांनी तिथेच, हलत्या गाडीत, वहीच्या पहिल्या ओळीत आपले नाव लिहिले.