वरच्याकडं बघ

‘स्क्विड गेम’चा दुसरा भाग 2024 च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी आला. पुण्यातल्या आमच्या हॉस्टेलच्या खोलीत एका लॅपटॉपसमोर पलंगभर मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. रक्तपात मला सोसत नाही, त्यामुळे मी निम्मा वेळ उशीआड होते. एका खेळापाशी मात्र मी उशी बाजूला टाकली. पाचजणांचे पाय एकमेकांना बांधलेले, आणि प्रत्येकाने लहानपणीचा एकेक कोरियन खेळ पार करून पुढे सरकायचं. त्यातला एक जण खाली बसतो, पाच छोटे तुकडे जमिनीवर टाकतो, एक वर उडवतो आणि तो खाली यायच्या आत दुसरा उचलतो. मग दोन. मग तीन. शेवटी पाचही तुकडे पालथ्या हातावर झेलून, पुन्हा उडवून मुठीत पकडायचे. कोरियात त्याला गोंगी म्हणतात. रात्रीच्या पोळ्या किती जणींच्या करायच्या हे विचारायला मेसच्या मावशी दारात आल्या होत्या. चौकटीला टेकून त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे सागरगोटं की गं! ह्यांच्यात पण हाईत व्हय?”

त्या भागात पुढे कोण मेलं, कोण उरलं, काहीच माझ्या लक्षात राहिलं नाही.

कॉलेजात आल्यापासून नवे नवे छंद करून बघायची मला ओढ लागली आहे. क्रोशाची सुई आणि लोकर आणली, व्हिडिओ बघून एक चौकोन विणला. मैत्रिणीची युकुलेली उसनी घेतली. कॅलिग्राफीचे कट निब आणले, आठवडाभर नुसते ‘क’ आणि ‘ळ’ काढले. ‘ळ’ काढताना मनगट कसं वळतं ते मला फार आवडलं. 2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. एकोणीस वर्षांची मुलगी, म्हणजे आमच्याच वयाची! त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या फोनवर बुद्धिबळ आलं, माझ्याही आलं. फोनवरचा प्रतिस्पर्धी कुठल्या तरी देशातला असतो. वजीर गेल्यावर तो जीभ चावतो का, घोडा हलवायच्या आधी बोट त्याच्यावर ठेवून विचार करत बसतो का, काही दिसत नाही. डाव संपतो, तो निघून जातो आणि मागे एक आकडा राहतो, कमी झालेला किंवा वाढलेला. मला त्या आकड्याची गोडी लागली नाही. दिव्याची मात्र लागली. तिचे डाव मी अजून बघते.

टिकलं ते पक्षी बघणं, आणि तेही एका सीनियर ताईमुळे. ती पहाटे पाषाण तलावावर घेऊन जायची. हळदी-कुंकू बदक तिने दाखवलं. काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपका, कुणी सवाष्णीने बोट लावल्यासारखा. दुर्बीण माझ्या हातात देऊन ती माझी हनुवटी धरून डोकं वळवायची: तिथे, त्या वाळक्या फांदीच्या खाली. फोनमधलं अॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं, आणि बरोबर सांगतं. पण ते हनुवटी धरत नाही.

तर मावशी. त्या मूळच्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. पोळ्या आणि भाकरी त्यांच्याकडे; भाजीला दुसऱ्या मावशी आहेत. दुपारी साडेतीन ते साडेचार हा त्यांचा रिकामा वेळ. एरवी त्या मेसच्या मागच्या ओट्यावर पाय पसरून बसतात. मी जाऊन म्हटलं, “मावशी, मला शिकवाल का सागरगोटे?” त्यांनी आधी माझे हात बघितले. पालथे करून बघितले, बोटं ताणून बघितली. म्हणाल्या, “लांब हाईत. येतील.” मग ओट्याखालच्या बांधकामाच्या खडीतून त्यांनी पाच खडे निवडले. निवडायलाच बराच वेळ लावला. धारदार नको, चपटा नको, एकाच वजनाचे हवेत. “आमच्यात खड्यांनीच खेळायचो आम्ही. गुरं सोडली की वढ्यात बसायचं. सागरगोटं मिळालं तर चैन.”

पहिला डाव त्यांनी खेळून दाखवला. खडे त्यांनी टाकले नाहीत, सांडले. म्हणजे असे टाकले की ते अगदी जवळ जवळ पडले नाहीत आणि फार लांबही गेले नाहीत. त्यातच निम्मा खेळ आहे हे मला फार नंतर कळलं. मग एक वर. तो वर असताना हात खाली जातो, एक खडा उचलतो, तोच हात पालटून वर येतो आणि उडवलेला त्यात पडतो. खड्यावर खडा आपटल्याचा ‘टक’ असा आवाज. पुन्हा वर, पुन्हा टक. एकेक करून सगळे उचलले की दोन-दोन. मग तीन आणि एक. मग चारही एकदम. उचलताना शेजारचा खडा हलला की डाव गेला. तव्यावर भाकरी उलटणाऱ्या हाताची सगळी घाई आणि सगळा थंडपणा त्यात होता.

मी उडवला की माझे डोळे आपोआप खाली, कुठला उचलायचा ते बघायला. तेवढ्यात वरचा माझ्या गुडघ्यावर नाही तर ओट्याखाली. मावशींनी माझी हनुवटी धरली (त्यांनीही!) आणि तोंड वर केलं. “खाली नको बघू. वरच्याकडं बघ. खालचं हाताला दिसतंय.”

हाताला दिसतंय. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, आम्हाला निरीक्षण म्हणजे डोळे असं शिकवलेलं. पान उलटा, भिंग लावा, शिरा मोजा. इथे मावशी सांगत होत्या की टाकताना एकदा नीट बघून घे आणि मग विसर; खडे कुठे आहेत ते हाताने ठेवून घेतलेलं असतं. मला ते पटलं नाही. पण वर बघत राहिले, आणि एका दुपारी, लिंबाच्या फांदीमागचं पांढरं आकाश, त्यात तो काळा खडा वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा, आणि माझ्या बोटांत दुसरा आलेला. कसा आला ते मला आजही सांगता येणार नाही. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पुढचा डाव माझ्याकडून सुरू केला, म्हणजे आता मी शिकाऊ नव्हते, भिडू होते.

मग दुपारी आणखी मुली यायला लागल्या. रत्नागिरीची एक, तिच्या आजीने तिला वेगळेच नियम शिकवलेले. शेजारचा हलला तरी चालतो, फक्त उडवलेला पडता कामा नये. तिच्या खेळात डाव्या हाताच्या अंगठ्याची आणि तर्जनीची कमान जमिनीवर टेकवायची आणि उडवलेला वर असताना एकेक सागरगोटा त्या दारातून आत ढकलायचा. मावशींना ती कमान माहीत होती, पण त्यांच्याकडे ती सगळ्यात शेवटी यायची. यावर अर्धा तास वाद झाला. दोघीही ‘आमच्यात’ असं म्हणत होत्या, आणि दोघींचंही बरोबर होतं.

खरे सागरगोटे हवेत म्हणून मी रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात गेले. सागरगोटे म्हणजे गजग्याच्या बिया; तापावर आणि पोटदुखीवर देतात म्हणून त्या तिथे पोत्यात असतात. दुकानदार तागडीत वजन करायला लागले, तर मी म्हटलं, मला निवडून घेऊ द्या, सारख्या मापाच्या हव्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पोतं पुढे सरकवलं. “खेळायला का? घे, घे. माझ्या बहिणी पण अशाच तासभर निवडायच्या.” करड्या, निळसर झाक असलेल्या, गुळगुळीत, जवळून पाहिलं तर अंगावर केसाइतक्या बारीक, समांतर चिरा जाणाऱ्या. लहानपणी ही बी फरशीवर घासून दुसरीच्या दंडाला चटका द्यायचा खेळ आमच्या गावी, औशाला होता. तेवढं आठवलं आणि मी तिथल्या तिथे एक बी उंबऱ्याच्या दगडावर घासून बघितली. तापते, अजूनही तापते.

गजगा म्हणजे काटेरी वेल, शेतांच्या आणि ओढ्यांच्या कडेला असते. फुलं पिवळी, शेंगही काट्यांची, आत एक-दोन बिया. आमच्या पाठ्यपुस्तकात ती शेंगा येणाऱ्या झाडांच्या कुळात कुठे तरी एका ओळीत आहे. तिच्याबद्दल जे मला खरं वाचायला मिळालं ते पुस्तकाबाहेर. बीचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही, आणि ती समुद्रावर तरंगत जाते. आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यापर्यंत या बिया लागलेल्या सापडतात. आणि कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी जो खेळ जिवंत ठेवला, वॉरी, तो याच बियांनी खेळतात. लाकडी पाटात बारा खळगे, दोन्ही बाजूंना सहा-सहा, आणि प्रत्येकात चार, म्हणजे 48 बिया. त्या माणसांकडून सगळं हिरावून घेतलं होतं, आणि त्यांच्या हातांना मोजणं, पेरणं, उचलणं आठवत होतं. हे वाचल्या दिवशी मी वर्गात काहीच लिहून घेतलं नाही.

अशा खेळाचं एक जुनं चित्रही आहे. व्हेसुव्हियस इसवी सन 79 मध्ये फुटला तेव्हा हर्क्युलेनियम हे शहर गाडलं गेलं. तिथे संगमरवरावर काढलेलं एक चित्र मिळालं, आता ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अथेन्सच्या अलेक्झांड्रोसची सही त्यावर आहे. पाच स्त्रिया, तिघी उभ्या, दोघी खाली बसून खेळताहेत. खेळताहेत मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी, आणि एकीने पालथा हात पुढे केलेला आहे. मावशींना मी फोनवर ते दाखवलं. त्यांनी बोटांनी ते मोठं केलं, त्या बाईचा हात बघितला आणि म्हणाल्या, “हिचा अंगठा आत पायजे. पडतील.”

खेळांचं लिहून ठेवणं हाही एक विषय आहे. खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बसवले. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्राचे. शाळेत खो-खो खेळलेल्या आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. नियम लिहिले गेले म्हणून खो-खो दिल्लीपर्यंत गेला हे मला मान्य आहे. सागरगोटे, काचापाणी, फुगडी, झिम्मा यांचे नियम लिहायला कुठल्या जिमखान्याची समिती बसली नाही. बायका ओसरीवर खेळत, दोन कामांच्या मधे, आणि कुणी हाक मारली की खडे पदराला बांधून उठत. काचापाणीत फुटक्या बांगड्यांचे तुकडे सांडून, दुसरा न हलवता एकेक बोटाने बाहेर ओढायचा असतो. शल्यचिकित्सकाला लागेल इतकी स्थिरता त्याला लागते. आमच्या जिमखान्याच्या कपाटात कॅरमच्या सोंगट्यांचे डबे, टेबल टेनिसच्या बॅटा, बुद्धिबळाचे पट आहेत. मी पाच सागरगोट्यांची एक पिशवी तिथे ठेवून आले, नोंदवहीत रीतसर नोंद करून. वस्तू: सागरगोटे. नग: 5.

प्लेसमेंटच्या फॉर्मवर ‘छंद’ असा एक रकाना असतो. तिथे वाचन आणि प्रवास लिहावं, नेतृत्वगुण दिसेल असं काही लिहावं, असं आम्हाला सांगण्यात आलं. मला त्या रकान्याबद्दल फार वाटतं. माणूस कामाचा नसतो तेव्हा काय करतो, एवढंच तो विचारतोय. मग त्याला कामाचं उत्तर कशाला द्यायचं? मी ‘सागरगोटे, पक्षी’ लिहिलं. मुलाखतीला कुणी विचारलं तर पिशवी बरोबर असेल.

आता मला पट शिकायचा आहे. शाळेच्या सहलीत फत्तेपूर सिक्रीला फरसबंदीत आखलेला पचिसीचा मोठा पट पाहिला होता, तेव्हा गाइडचं ऐकत पुढे निघून गेलो. आमच्या औशाच्या वाड्यात आत्या आणि तिच्या जावा श्रावणात शहाबादी फरशीवर खडूने चारपाखी पट आखून खेळायच्या, कवड्यांऐवजी अर्धे केलेले चिंचोके टाकून. पांढरी बाजू वर की काळी, त्यावर दान. मी तेव्हा खूप लहान होते, मला फक्त त्यांचं ओरडणं आठवतं. परवा आत्याला फोन केला, म्हटलं, दिवाळीला येते, शिकव. ती म्हणाली, “पट मी आखते. चिंचोके तू दगडावर घासून आण, चांगले अर्धे कर, वाकडे नकोत. आणि तुझ्या त्या मेसच्या मावशींना विचार, येतात का. चौथा भिडू मिळाला की बसू.”