हिरव्या दिव्याखालची वाट

साठवणीच्या सर्व्हरास दोन स्वतंत्र स्विचांतून दोन वाटा द्याव्यात, एक बंद पडल्यास दुसरी एकटीने सगळा भार पेलील इतकी मोकळी राखावी, आणि आयस्कझीची वाहतूक वाटांमध्ये काम वाटून देणाऱ्या मल्टिपाथच्या हवाली करावी, एवढी तजवीज आमच्या धंद्यातील कोणीही करील. मला आम्स्टरडॅममधील चाकरीच्या उत्तरार्धात ज्या प्रश्नाने पछाडले आहे तो मेलेल्या वाटेचा नसून आजारी वाटेचा आहे.

मरणाचा बंदोबस्त सोपा असतो. 20 नोव्हेंबर 2002 रोजी एन्स्खेडे येथील ट्वेंटे विद्यापीठाचे संगणककेंद्र आगीच्या भक्ष्यस्थानी पडले व त्यात डेबियन या लिनक्स-वितरणाचा एक सर्व्हरही गेला. परंतु जळालेल्या यंत्राविषयी कोणाच्या मनात संशय उरत नाही, आणि पर्यायी व्यवस्थेचा हुकूम तात्काळ सुटतो. याउलट, नऊ मायक्रॉनांच्या आसपास गाभा असलेल्या काचतंतूच्या मुखावर बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर प्रकाश क्षीण होऊनही पोर्टावरचा हिरवा दिवा अढळ राहतो. काही फ्रेम सीआरसीच्या तपासणीत बाद होतात, टीसीपी त्यांतील मजकूर पुन्हा पाठवते, आणि जेव्हा तिला निव्वळ घड्याळावर विसंबावे लागते तेव्हा लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत ती किमान 200 मिलिसेकंद थांबते, म्हणजे फ्लॅशवर एका मिलिसेकंदाच्या आत आटोपणारे लेखन दोनशे पटींहून अधिक रेंगाळते. मल्टिपाथ मात्र पाळीपाळीने निम्मे काम त्याच वाटेवर लोटीत राहतो, कारण त्याच्या दफ्तरी ती वाट जिवंत आहे.

सुपूर्दीच्या दिवशी गिऱ्हाइकासमक्ष चालू यंत्राची केबल उपटावी, पडद्यावरील आलेख क्षणभर दचकून पूर्ववत झाला की बेफिकीर मुद्रेने मागे वळावे, ही माझी जुनी हौस. त्यावर पडणाऱ्या टाळ्यांची मला चटक होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. गतवर्षी हाताखाली आलेल्या पुण्याच्या मुलीने विचारले, “सर, केबल काढण्याऐवजी मध्ये अ‍ॅटेन्युएटर घालून पाहू या का?” प्रकाश मुद्दाम क्षीण करणारा तो तुकडा घातला. दिवा हिरवाच राहिला आणि डेटाबेस गुदमरू लागला.

नकाशावर दोन रेघा ओढून निर्धास्त होणाऱ्या हल्लीच्या सल्लागारांविषयी मी न बोललेलेच बरे. या देशात यंत्राने खोदण्यापूर्वी कादास्तर या भूनोंदणी संस्थेकडे वर्दी देण्याची सक्ती आहे, पण त्या दोन रेघा एकाच चरातून जातात काय, याची खातरजमा करण्याची सक्ती या विद्वानांवर कोणी केलेली दिसत नाही.

किती चुका दिसताच वाट बाद करावी, यावर मुलीचे व माझे अद्याप जमलेले नाही. तिचा नियम कडक. परंतु सर्व्हरच्याच दोषाने दोन्ही वाटांवर एकदम चुका उमटल्या तर तो नियम दोन्ही बाद करील आणि साठवण जागच्या जागी थिजेल. माझा नियम सैल. तो रुग्ण वाटेस महिनोन्‌महिने पोसतो, असे तिचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. उरलेली एकमेव वाट कधीही बाद करू नये, एवढ्यावर तूर्त तह झाला आहे; आकड्यावर नाही. केबल उपटण्याचा कार्यक्रम मी सोडलेला नाही, मात्र तो आता तिच्या चाचणीनंतर होतो, आणि टाळ्या पूर्वीइतक्या पडत नाहीत हे मला खटकते.