छत्तीस तासांचा गोवा, आणि अंजदीव

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या गोव्याचा प्लॅन शिजतोय? मग एक छोटीशी माहिती देऊन ठेवते. दाबोळीच्या ज्या विमानतळावर तुमची फ्लाइट उतरते ना, तिथल्या धावपट्टीवर 18 डिसेंबर 1961 ला आपल्याच हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले होते. ऑपरेशन विजय! 1510 पासूनची पोर्तुगीज सत्ता साधारण छत्तीस तासांत गुंडाळली गेली. आपल्या वीकेंडपेक्षाही कमी वेळात!

शाळेत आपण एवढंच शिकतो. पण या छत्तीस तासांत एक बेटही होतं. अंजदीव. कारवारजवळचं, जेमतेम दीड चौरस किलोमीटरचं. नोव्हेंबर 1961 मध्ये तिथल्या पोर्तुगीज सैनिकांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार केला आणि वातावरण तापलं. महिन्याभरात बेट ताब्यात घ्यायचं ठरलं. काम आलं नौदलाकडे. सोबतीला ‘म्हैसूर’ ही क्रूझर आणि ‘त्रिशूल’ ही फ्रिगेट. शिवाय नवीकोरी ‘विक्रांत’ आपली विमानं घेऊन समुद्रात उभी होतीच.

ऐकताना वाटतं, एवढा लवाजमा आणि एवढंसं बेट, किस्सा खतम! मी अमळनेरची. आमच्याकडे नदी म्हणजे बोरी, आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. समुद्रातली लढाई मला भेटली ती डीव्हीडीवर, ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ आणि ‘लेटर्स फ्रॉम आयवो जिमा’मधून. पण या विषयावर वाचत गेलं की एक गोष्ट लख्ख दिसते. जहाजाची तोफ लांबून मारा करते, विमान वरून मारा करतं, पण बेट काही त्यांना ‘घेता’ येत नाही. त्यासाठी कुणालातरी होडीतून उतरून किनाऱ्यावर चालत जावं लागतं. आणि आपली माणसं पुढे गेली की मागच्या तोफांना हात आखडता घ्यावा लागतो. त्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आडोसा नाही, की मागे वळायची सोय नाही.

नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या तारावावर हेच झालं. अमेरिकेच्या जहाजांनी आणि विमानांनी बेट भाजून काढलं होतं. पण बंकर टिकले. ओहोटीमुळे होड्या प्रवाळाच्या खडकांवर अडकल्या आणि सैनिक छातीएवढ्या पाण्यातून गोळ्या झेलत चालले. तीन-सव्वातीन दिवसांत सुमारे हजार अमेरिकन गेले.

अंजदीववर उतरलेली आपली पोरं तर खास या कामासाठी घडवलेले कमांडोही नव्हते. नौदलाचे ‘मार्कोस’ आले 1987 मध्ये. 1961 मध्ये गेले ते साधे नौसैनिक, हातात रायफल घेऊन. पहिली तुकडी फारसा विरोध न होता उतरली. दुसरी तुकडी किनाऱ्याकडे येताना गोळ्या सुटल्या. त्याआधी पोर्तुगीजांनी पांढरं निशाण दाखवलं होतं, असं आपलं नौदल सांगतं. मग जहाजांच्या तोफा पुन्हा बोलू लागल्या आणि अखेर बेट पडलं. आपले सात नौसैनिक तिथेच गेले. संपूर्ण ऑपरेशनमध्ये भारताचे 22 जण गेल्याची नोंद आहे. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश माणसं या एका ठिपक्यावर!

गेल्या दिवाळीत घरी गेले होते, तेव्हा आमच्या गल्लीतल्या आबांना हे सगळं सांगत होते. प्रताप मिलमध्ये आयुष्य गेलेलं त्यांचं. मी क्रूझर, फ्रिगेट, कॅनबेरा असं रंगवून रंगवून सांगतेय, आणि आबा सुपारी कातरत शांत. शेवटी एवढंच विचारलं, ‘‘मंग त्या पोरे वापस उनात का?’’ मग ती पोरं परत आली का?

बॉस, मी गप्पच झाले! आपण तोफांच्या साइझपासून विमानांच्या मॉडेलपर्यंत सगळं सर्च करतो. हा प्रश्न मात्र सर्चमध्ये टाकत नाही. छत्तीस तासांत युद्ध संपलं, पण सात घरांतलं ते तसं संपलं नसणार. आणि त्यातल्या कित्येकांचं वय आपल्या ग्रुपवर प्लॅन बनवणाऱ्यांएवढंच असेल.

आज अंजदीव कारवारच्या ‘आयएनएस कदंब’ या नौदल तळाचा भाग आहे. समुद्रात भराव टाकून त्याला किनाऱ्याशी जोडलंय. आपल्याला तिथे सहज जाता येत नाही, आणि ते बरंच आहे. निदान तिथे शॅक तरी उघडणार नाहीत!

तर, या वेळी पाळोळेपर्यंत गेलातच, तर गाडी अजून थोडी दक्षिणेला काढा. कारवार ओलांडलं की उजवीकडे समुद्रावर नजर ठेवा. आणि तेवढी पाच मिनिटं गाडीतली गाणी बंद. बाकी प्लॅन तुमचा तुम्ही ठरवा!